मेलीचं टेक घोटवताना: क्रम, मोजमाप आणि नेहमीच्या चुका

व्हिडिओ बघायचा, फॉक्स हा कॅरेक्टर घ्यायचा, तासभर बटणं बडवायची आणि शेवटी 'बोटंच चालत नाहीत' म्हणून कंट्रोलर ठेवून द्यायचा. सुपर स्मॅश ब्रदर्स मेली हा मारामारीचा गेम खेळणाऱ्या बहुतेक नव्या पोरांचा टेकचा, म्हणजे बटणांच्या अवघड हालचालींचा, सराव असाच संपतो. बोटांचा दोष त्यात फार थोडा असतो. बटण लवकर दाबलं की उशिरा, हेच कळलेलं नसतं, त्यामुळे पुढचा प्रयत्नही अंदाजानेच होतो. खालची सगळी जोडणी एवढ्यासाठी आहे की फसलेला प्रत्येक प्रयत्न काहीतरी आकडा हातात देऊन जावा.

चालणं, उडी, शील्ड, ग्रॅब आणि लेजवर परतणं येतं असं इथे धरलं आहे. उदाहरणं फॉक्स, फाल्को आणि मार्थची आहेत. पद्धत कोणत्याही कॅरेक्टरला चालते.

टप्पा १: सामान आधी, सराव नंतर

गेमची आवृत्ती एनटीएससी १.०२ हवी. अंकलपंचचा ट्रेनिंग मोड आणि ऑनलाइन खेळायचं स्लिपी, दोन्ही हीच आवृत्ती मागतात. पाल, म्हणजे युरोपातल्या, आवृत्तीत काही कॅरेक्टर बदललेली आहेत, त्यामुळे नेटवरचे फ्रेमचे तक्ते (कोणती हालचाल किती फ्रेम, म्हणजे गेमची किती चित्रं, चालते) तिला सगळीकडे लागू पडत नाहीत.

लॅपटॉपवर खेळत असाल तर चार्जर लावूनच बसा. लाईट गेली आणि घरात इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर जातो, विंडोज गुपचूप वीज वाचवायला लागतं आणि सेकंदाला साठ फ्रेमवर असलेला गेम पन्नास-पंचावन्नवर घसरतो. डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, हाताचं टायमिंग मात्र बिघडतं. डॉल्फिनमध्ये (कॉम्प्युटरवर हा गेम चालवणारा प्रोग्रॅम) एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, आकडा स्क्रीनवर चालू ठेवा आणि तो साठावरून हलला की सराव थांबवा. चुकीच्या वेगावर घोटवलेली सवय काढायला नवी लावण्यापेक्षा जास्त दिवस जातात.

टीव्हीला जोडत असाल तर गेम मोड चालू करा. तो नसेल तर एखादा साधा कॉम्प्युटर मॉनिटर बरा.

गेमक्यूब कंट्रोलर असेल तर तीन गोष्टी बघून घ्या.

अडॅप्टरवर 'वी यू' आणि 'पीसी' असं स्विच असेल तर ते 'वी यू'कडे ठेवा. मग झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून त्याला विनयूएसबी ड्रायव्हर द्या. 'पीसी'कडे ठेवलं तरी कंट्रोलर चालतो, म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

कंट्रोलर जोडताना स्टिक किंवा ट्रिगर दाबलेला नको. जोडला त्या क्षणी स्टिक जिथे असते, त्यालाच तो मधली जागा समजतो. चुकून दाबलेला राहिला तर स्टिक-ट्रिगर सोडा आणि एक्स, वाय आणि स्टार्ट तीन सेकंद एकत्र धरा.

तिसरी गोष्ट स्नॅपबॅक. स्टिक एका बाजूला पूर्ण नेऊन एकदम सोडा. कॅरेक्टर क्षणभर उलट्या दिशेला वळला तर स्टिक परत येताना मध्य ओलांडून पलीकडे जाते आहे. हा दोष हाताचा नसून स्टिकचा आहे, सरावाने तो जात नाही. उघडायचा असेल तर ट्राय-विंग स्क्रू-ड्रायव्हर लागतो. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे वाय टोकाचा मिळतो, पण तो फार बारीक पडतो आणि स्क्रूचं डोकं झिजवतो.

कीबोर्डवर खेळणाऱ्यांनी एकच चाचणी करायची. डावा बाण, खालचा बाण, उडीचं बटण आणि ट्रिगरचं बटण एकत्र दाबून बघा. स्वस्त कीबोर्ड ठरावीक जोड्यांत तिसरी किंवा चौथी की गिळतात. वेव्हडॅशला (जमिनीवरची घसरण, टप्पा ३) नेमक्या एवढ्याच किज लागतात. एखादी की गिळली जात असेल तर बटणं दुसऱ्या ओळीत हलवा.

> तपासा: एफपीएस ६० वर स्थिर, स्टिक सोडल्यावर कॅरेक्टर वळत नाही, चार बटणं एकत्र ओळखली जातात. तिन्ही जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: टेक फ्रेममध्ये लिहून काढा

मेली सेकंदाला ६० फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. उडीचं बटण दाबल्यावर पाय जमिनीवरून सुटेपर्यंत कॅरेक्टर काही फ्रेम वाकलेला असतो. त्याला जंपस्क्वॉट म्हणतात आणि तो प्रत्येकाचा वेगळा. फॉक्स आणि शीक ३ फ्रेम, मार्थ आणि कॅप्टन फाल्कन ४, फाल्को, पीच आणि जिगलीपफ ५, गॅननडॉर्फ ६, बाऊझर ८.

हे आकडे वहीत पहिल्या पानावर लिहा. फॉक्सचे ३ फ्रेम म्हणजे ५० मिलिसेकंद, फाल्कोचे ५ म्हणजे ८३. दोघं दिसायला भाऊ वाटतात, म्हणून पोरं एकाची लय दुसऱ्यावर वापरतात आणि 'काल जमत होतं, आज का नाही' म्हणत बसतात. कॅरेक्टर बदलला की उडीशी जोडलेलं प्रत्येक टायमिंग नव्याने बसवायचं.

शॉर्ट हॉपही इथूनच येतो. जंपस्क्वॉट संपायच्या आत बटण सोडलं तर छोटी उडी, धरून ठेवलं तर मोठी. फॉक्सला त्यासाठी जेमतेम दोन फ्रेम मिळतात. बटण दाबायचं नाही, त्याला टिचकी मारायची.

आता तुमचं टेक एका ओळीत लिहा: कोणतं बटण, कोणत्या फ्रेमला, स्टिक कुठे. ती ओळ लिहिता आली नाही तर ते टेक अजून समजलेलं नाही. सराव त्यानंतर.

टप्पा ३: वेव्हडॅश

वेव्हडॅश म्हणजे पाय सुटताक्षणी तिरका, जमिनीकडे केलेला एअरडॉज (हवेत ट्रिगर दाबून अटॅक चुकवायची हालचाल). कॅरेक्टर हवेत न जाता जमिनीवर घसरतो. उतरल्यावर १० फ्रेम काहीही करता येत नाही, मग मोकळा. क्रम असा:

1. स्टिक मध्ये ठेवून फक्त उडी मारा. ही लय कानात बसू द्या.
2. उडीनंतर स्टिक खाली-तिरकी न्या, ट्रिगर अजून नाही.
3. पाय सुटताना ट्रिगर तळापर्यंत दाबा, 'टक' असा आवाज यायला हवा.
4. स्टिकचा कोन हळूहळू आडवा करत न्या. जितका आडवा, तितकी घसरण लांब.

तिसऱ्या पायरीवर सर्वाधिक लोक अडकतात. एअरडॉजसाठी ट्रिगरचा तळाचा क्लिक लागतो, अर्धा दाबलेला ट्रिगर चालत नाही. एक्सबॉक्सच्या पॅडवर ट्रिगर लांब असतो आणि तळाशी पोहोचेपर्यंत वेळ जातो. त्यावर एल आणि आर वरच्या बंपरला जोडा.

चूक ओळखायची ती डोळ्याने. नुसती उडी निघाली, एअरडॉज झालाच नाही, तर ट्रिगर लवकर दाबला. जंपस्क्वॉटमध्ये दाबलेला ट्रिगर वाया जातो, कारण मेलीत पुढचं इनपुट साठवून ठेवणारा बफर नाही. कॅरेक्टर आधी थोडा वर गेला, मग खाली येऊन घसरला, तर उशीर झाला. हवेत आडवा तरंगून असहाय पडला, तर उशीरही झाला आणि कोनही फार आडवा होता. जागच्या जागी बसला तर स्टिक सरळ खाली आहे.

अंकलपंचच्या ट्रेनिंग मोडमध्ये वेव्हडॅशचा ओएसडी (स्क्रीनवर आकडे दाखवणारी चौकट) चालू करा. तो किती फ्रेम लवकर-उशीर आणि कोन किती, दोन्ही दाखवतो. दहा-दहाच्या गटात प्रयत्न करा आणि प्रत्येक गटानंतर वहीत फक्त 'ल' किंवा 'उ' लिहा. सात वेळा 'उ' आलं तर मुद्दाम लवकर दाबून दुसऱ्या टोकाला जा आणि तिथून मागे या. मधोमध शोधत बसण्यापेक्षा दोन्ही टोकं माहीत असणं जास्त उपयोगी.

> सावधान: लुईजीचा वेव्हडॅश सगळ्यात लांब जातो. टायमिंग किंचित चुकलं तरी त्याचं अंतर बरं दिसतं, त्यामुळे त्याच्यावर शिकलेली ढिलाई फॉक्सवर उघडी पडते.

टप्पा ४: एल-कॅन्सल, तीन वेगवेगळ्या लयींत

हवेतला अटॅक करत जमिनीवर उतरलं की लँडिंग लॅग लागतो, म्हणजे काही फ्रेम काहीच करता येत नाही. उतरण्याआधीच्या ७ फ्रेममध्ये एल, आर किंवा झेड दाबलं तर तो निम्मा होतो. फॉक्सचा न्यूट्रल एअर (स्टिक मध्ये ठेवून केलेला हवेतला अटॅक) १५ वरून ७ वर येतो, फाल्कोचा डाऊन एअर (स्टिक खाली करून केलेला) १८ वरून ९ वर. इथे अर्धवट दाबलेला ट्रिगरही चालतो, एअरडॉजसारखी तळाची अट नाही.

सात फ्रेम म्हणजे जवळपास ११७ मिलिसेकंद, ऐकायला ऐसपैस. तरी मॅचमध्ये चुकतो, कारण सराव रिकाम्या हवेत केलेला असतो. अटॅक लागला की दोघेही क्षणभर गोठतात, त्याला हिटलॅग म्हणतात. तो डॅमेजवर ठरतो (मेलीत डॅमेज टक्क्यांत मोजतात): डॅमेजला तीनने भागायचं, अपूर्णांक सोडायचा, तीन मिळवायचे. फॉक्सच्या न्यूट्रल एअरचा जोरदार भाग १२ टक्क्यांचा, म्हणजे ७ फ्रेम. अख्ख्या खिडकीएवढं लँडिंग पुढे सरकलं! हवेतल्या लयीने दाबलेला ट्रिगर मग चुकणारच.

म्हणून तीन गट वेगळे ठेवायचे: अटॅक हुकलेला, अंगावर लागलेला, शील्डवर लागलेला. पहिला गट दहापैकी नऊ वेळा आल्यावर दुसरा, मग तिसरा. शील्डचा गट सगळ्यात कमी केला जातो आणि खरं तर सगळ्यात जास्त लागतो, कारण समोरच्या शील्डवर उतरून लॅग खाल्ला की सरळ ग्रॅब होतो.

क्रम शॉर्ट हॉप, अटॅक, फास्ट फॉल (वेगाने खाली येणं), एल-कॅन्सल असा. फास्ट फॉलसाठी स्टिक खाली मारायची ती उडीचा माथा ओलांडल्यावर. त्याआधी मारली तर फुकट. लोक नेमकी इथे घाई करतात, फास्ट फॉल लागत नाही, कॅरेक्टर हळू उतरतो आणि ट्रिगर सात फ्रेमच्या आधीच दाबून होतो. मग दोष एल-कॅन्सलवर जातो. टक्केवारी एकदम पडली की आधी फास्ट फॉल बघा.

> तपासा: काही अटॅक ठरावीक फ्रेमनंतर उतरले तर मुळात अटॅकचा लॅगच लागत नाही, त्याला ऑटो-कॅन्सल म्हणतात. नुसत्या डोळ्याने तो यशस्वी एल-कॅन्सलसारखाच दिसतो. ओएसडीवर आकडा आला तरच धरा.

टप्पा ५: कॅरेक्टरचं खास टेक, फॉक्सचा वेव्हशाईन

वेव्हडॅश दहापैकी आठ वेळा येत नसेल तर हा टप्पा सोडून द्या. सरळ सांगायचं तर कोल्हापुरात काय आणि बाहेर काय, निम्मे फॉक्स खेळणारे इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थांबतात.

फॉक्सचा शाईन, म्हणजे डाऊन-बी, पहिल्याच फ्रेमला लागतो. चौथ्या फ्रेमपासून तो उडीने तोडता येतो. ती उडी वेव्हडॅशमध्ये बदलली की वेव्हशाईन. कागदावर ओळ अशी: खाली + बी, उडी, तिरका एअरडॉज.

1. फक्त शाईन करा. बी लगेच सोडा. धरून ठेवला तर शाईन चालूच राहतो.
2. शाईन, मग उडी. उडी निघाली नाही तर ती चौथ्या फ्रेमच्या आधी दाबली होती.
3. शाईन, उडी, पण एअरडॉजऐवजी स्टिक खालून तिरकी न्यायची एवढंच. ही हालचाल वेगळी घोटवल्याशिवाय पुढे जाऊ नका.
4. आता ट्रिगर जोडा.
5. समोर डमी उभा करा आणि पहिल्यापासून परत.

पाचवी पायरी पुनरावृत्ती वाटते, पण तिथे टायमिंग वेगळं आहे. शाईन ५ टक्क्यांचा, म्हणून लागल्यावर ४ फ्रेम हिटलॅग मध्ये घुसतो. रिकाम्या जागी जमलेला वेव्हशाईन अंगावर लागताच फसतो तो यामुळे.

फसण्याचे प्रकार ठरलेले आहेत. शाईनऐवजी फॉक्स आडवा सुटला, तर बी दाबताना स्टिक तिरकी झाली होती आणि साईड-बी लागला. शाईन झाला पण फॉक्स जागीच बसला, तर स्टिक खालीच राहिली, तिसरी पायरी कच्ची आहे. शाईननंतर नुसती शॉर्ट हॉप निघाली, तर ट्रिगर लवकर. घसरला पण अंतर पुरलं नाही, तर कोन.

आणि समोर कोण आहे तेही बघा. पीच आणि मार्थ शाईन खाऊन उभ्यानेच मागे घसरतात, म्हणून त्यांच्यामागे घसरत जाऊन दुसरा शाईन देता येतो. फाल्को आणि जिगलीपफ खाली पडतात, तिथे पाठलागाचं गणित वेगळं. डमी म्हणून फाल्को घेऊन 'वेव्हशाईन लागतच नाही' म्हणणारे कमी नाहीत. फाल्को स्वतः खेळत असाल तर त्याचा शाईन समोरच्याला वर उडवतो, जंपस्क्वॉट ५ आहे आणि ८ टक्क्यांमुळे हिटलॅगही ५. फॉक्सची ही पाच पायऱ्यांची यादी त्याला जशीच्या तशी लावू नका.

टप्पा ६: विरोध करणारा डमी

तालमीत समोरच्याने अंग सैल सोडलं तर कुठलाही डाव बसतो, म्हणून तिथे जोड लावतात. ट्रेनिंग मोडमधला उभा डमी हा सैल सोडलेला गडी आहे. समोरचा खेळाडू डीआय देतो, म्हणजे अटॅक लागताना स्टिक धरून उडण्याचा कोन १८ अंशांपर्यंत वळवतो. पडताना ट्रिगर दाबून सावरतो, त्यालाही टेकच म्हणतात. खाली बसून धक्का कमी करतो.

एकावेळी एकच गोष्ट बदला. आधी डमीचे टक्के बदला: ०, ३०, ६०, ९०. प्रत्येकावर दहा प्रयत्न. मग टक्के एका जागी ठेवून डीआय बदला: काहीच नाही, आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला. शेवटी डीआय आणि टेक दोन्ही रँडमवर. डी-पॅडवरून स्थिती साठवून पुन्हा पुन्हा तिथूनच सुरू करता येते, ती सोय वापरा. नाहीतर निम्मा वेळ डमीला जागेवर आणण्यात जातो.

वहीत तक्ता करा: आडवे टक्के, उभा डीआय, चौकटीत दहापैकी किती. एखादी चौकट शून्य आली तर बहुधा तो कॉम्बो तिथे नाहीच, तुमचा हात चुकला असं समजू नका. स्थिती साठवून फ्रेम अॅडव्हान्सने एक-एक फ्रेम पुढे जा आणि समोरचा आधी मोकळा होतो की तुम्ही, ते बघा. तो आधी होत असेल तर त्या चौकटीवर फुली मारा.

टप्पा ७: मोबाईलने हात मोजा

ओएसडी काय चुकलं ते सांगतो, कोणतं बोट चुकलं ते सांगत नाही. मोबाईलचा स्लो-मोशन २४० एफपीएसवर लावा. हात आणि स्क्रीन दोन्ही एका चित्रात येतील असा वह्यांच्या ढिगावर ठेवा. व्हिडिओतली चार चित्रं म्हणजे गेममधली एक फ्रेम. उडीचं बोट खाली गेल्यापासून ट्रिगरचं बोट खाली जाईपर्यंत चित्रं मोजा आणि चारने भागा. फॉक्सच्या वेव्हडॅशला उत्तर तीनच्या आसपास यायला हवं.

दिवसाच्या उजेडात करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि स्लो-मोशनमध्ये पट्टे येऊन बोटं दिसत नाहीत. पावसाळ्यात दुपारीही खोलीत अंधार असतो, तेव्हा खिडकीशी बसा.

टप्पा ८: मॅचमध्ये उतरवणं

स्लिपीचा डिले, म्हणजे बटण दाबल्यापासून मुद्दाम ठेवलेला उशीर, मूळ सेटिंगमध्ये २ फ्रेम असतो. तो सारखा बदलू नका. रोलबॅकमुळे (हालचाल आधी अंदाजाने दाखवून मग दुरुस्त करण्याची पद्धत) समोरच्याची हालचाल कधी उडी मारल्यासारखी दिसते, पण तुमच्या बटणापासून तुमच्या कॅरेक्टरपर्यंतचा वेळ ठरलेलाच राहतो. म्हणून वेव्हडॅश आणि रिकाम्या हवेतला एल-कॅन्सल ऑनलाइनही तसेच लागायला हवेत. लागत नसतील तर नेटला दोष देऊ नका. बघून प्रतिसाद द्यायचं काम, म्हणजे पडून सावरणाऱ्याचा पाठलाग किंवा शील्डवर लागलं की हुकलं ते ओळखणं, हे मात्र खराब नेटवर खरंच अवघड होतं. राऊटरला लॅन केबल लावा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पिंग सरासरीला बरा दिसतो, पण सारखा वर-खाली होतो आणि त्रास त्याचाच होतो.

पहिल्या आठवड्यात नवं टेक फक्त एका प्रसंगात वापरायचं ठरवा. उदाहरणार्थ, समोरच्याने शील्डमधून रोल केला तरच वेव्हडॅश करून मागे जायचं. बाकी मॅच नेहमीसारखी. 'जमेल तिथे वापरू' म्हटलं की डोकं टेककडे राहतं आणि समोरचा काय करतोय ते दिसत नाही.

स्लिपी प्रत्येक मॅचचा रिप्ले आपोआप साठवतो आणि लाँचरमध्ये एल-कॅन्सलची टक्केवारी दिसते. सरावात नव्वद आणि मॅचमध्ये साठ असेल तर रिप्ले उघडून हुकलेले, अंगावरचे आणि शील्डवरचे वेगळे मोजा. बहुतेकदा घसरण एकाच गटात असते. टप्पा ४ मधला तेवढाच गट पुन्हा करा.

एका बैठकीला २०-२५ मिनिटं, मग हात मोकळे. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर त्या दिवशीचं टेक बंद. दुखऱ्या हाताने केलेले प्रयत्न वहीत 'उ' म्हणून येतात आणि पुढच्या दिवसाचं मोजमापही बिघडवतात.

तीन आठवड्यांनी तक्ता बघा. सरावात आकडा चढतोय पण मॅचमध्ये ते टेक वापरण्याची वेळच येत नसेल, तर ते बाजूला ठेवा आणि त्याच वेळेत शील्डवरच्या एल-कॅन्सलचे दोन गट जास्त करा.